चिंचेने घासलेले गळ

१९६६ साल. माझं वय एकेचाळीस.

अश्दोदच्या बंदरात धक्का बांधायच्या कामावर मी होतो, ते काम गेलं. माझ्या एकट्याचं नाही, पुष्कळांचं गेलं. त्या वर्षी या देशात कामाचाच दुष्काळ पडला होता. सकाळी उठून लिश्कत आवोदाला जायचं, म्हणजे काम वाटायच्या सरकारी हपिसात, आणि खिडकीतली बाई बोट दाखवील तिकडे निघायचं. कुणी झाडं लावायला, कुणी रस्ते झाडायला. मला ती म्हणाली, समुद्रावर जा, जुन्या किल्ल्यापाशी, तिथं वाळू उपसायचीय.

मी म्हटलं, "समुद्राची वाळू उपसून काय होणार? ती परत येते."

ती म्हणाली, "पुढचा."

किल्ला म्हणजे काय, ज्यानं कोर्लईचा किल्ला पाहिलाय त्याला हा पडका गोठाच वाटेल. चार बुरूज, तेही मोडके, आणि मध्ये वाळू. मी रेवदंड्याकडचा. आमच्या घरात तेलाचा घाणा होता, आम्ही यहुदी, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तिसरी यत्ता झाली आणि बापानं घाण्याला लावलं, तिथून मुंबईची गोदी, तिथून हा देश. शिक्षण तेवढंच. पण कुणाचं ऐकून घ्यायची सवय मला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, हे अगोदरच सांगून ठेवतो.

वाळूखालच्या जुन्या वस्तू शोधायला खणायचं काम चालवणारी बाई यरुशलेमहून आलेली होती. वय तिशीच्या पुढचं, डोक्यावर कापडी टोपी, अर्धी चड्डी, गुडघे खरवडलेले. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. ती वाईट नव्हती. फावडं कुठं थांबवायचं, थापी कुठं धरायची, कुंचा कुठं फिरवायचा, हे ती स्वतः वाळूत बसून दाखवायची. वाईट होता तो मुकादम. तोही आमच्यासारखा यहुदीच, पण दुसऱ्या मुलखातला. कुठल्या ते लिहीत नाही, त्याची नातवंडं याच गावात आहेत. दगडावर बसायचा, कॉफी प्यायचा, आणि आमच्याकडे बघून काहीतरी बोलायचा, की बाकीचे हसतील.

तिथं खापऱ्या निघायच्या, घमेलीच्या घमेली. त्या धुवायला बायका लागत. मी बाईला सांगून माझ्या बायकोला लावून दिलं. बाकीच्या बायका उलट्या पेटीवर बसून धुवायच्या. आमच्या हिनं घरून पाट आणला. शिसवी पाट, तिच्या आईनं लग्नात दिलेला. मुंबईहून निघताना विमानात वजन जास्त झालं, तेव्हा माझे नवे बूट काढून टाकले पण पाट आणला, असा तो पाट. त्यावर बसून, पदर खोचून, टबापाशी ब्रश घेऊन ती दिवसभर खापऱ्या धुवायची.

तिला हिब्रू यायची नाही. बाजारापुरती, डॉक्टरापुरती. बाई बोलेल ते मी तिला मराठीत सांगायचं, ती बोलेल ते बाईला हिब्रूत. मी खड्ड्यात आणि ती टबाजवळ, हाकेच्या अंतरावर. हे सांगायचं काम मी चोख करत होतो. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. दुसऱ्याचं बोलणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू. मधल्यानं तीत हात घालू नये.

धुता धुता ती खापऱ्या जुळवायला लागली. हा तुकडा त्याला, तो ह्याला. बाईनं पाहिलं आणि तिला दुपारनंतर तेच काम दिलं. एकदा बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तुझ्या बायकोला सांग, उन्हाळ्यात हे खोदकाम बंद होईल, सगळा माल म्युझियमच्या कोठीत जाईल, तिथं एक बाई कायमची लागणार आहे. मी हिचं नाव घालणार.

मी शब्दाला शब्द सांगितलं. हिच्या हातातला ब्रश टबात पडला.

कायमची नोकरी म्हणजे काय, हे त्या वर्षी ज्यानं दिवस काढले त्याला विचारावं. ही त्याआधी संत्र्यांच्या शेडमध्ये उभी असायची. हिवाळाभर, ओल्या सिमेंटवर. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चप्पल कापून काढावी लागेल. कोठीचं काम म्हणजे सावली, बसायला जागा, आणि म्हातारपणी पेन्शन. त्या दिवशी बसमध्ये ती मला म्हणाली, "अहो, तिथं मला माझा पाट नेता येईल का हो?" दुसरं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून ती चपातीच्या पिठावर बोटानं हिब्रू अक्षरं गिरवायला लागली. एक काढायची, पुसायची, दुसरं काढायची. शाळेत जाणारी आमची मुलगी बाजूला बसून हिब्रूत चुका सांगायची. ही मराठीत तिला शिव्या द्यायची आणि अक्षर सुधारायची.

असं चाललेलं असताना ते जाळं निघालं.

जाळं म्हणजे जाळं नव्हे. किल्ल्याच्या समुद्राकडच्या अंगाला एक खोली लागली होती. वरची वाळू काढली, मग राख, राखेखाली जमीन. तिथं माझ्या कुंच्याला काहीतरी लागलं. करडं, जड, दुमडलेलं, बोटाच्या पेरासारखं. मला वाटलं बंदुकीची गोळी. त्याच्या बाजूला दुसरी. मग तिसरी. रांगच होती. एक ओळ भिंतीपर्यंत, तिथं वळून परत, परत वळून परत, घडी घातलेल्या धोतराच्या काठासारखी. मी बाईला हाक मारली. ती आली आणि पोटावर आडवीच झाली. गाल जमिनीला लावून किती वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "जाळं आहे. घडी करून ठेवलेलं होतं. जळालं, कुजलं. दोरा गेला. शिसं राहिलं."

सात-आठशे वर्षांपूर्वी कुणी कोळ्यानं जाळ्याच्या काठाला शिशाच्या पट्ट्या दुमडून लावल्या होत्या, जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून. तो संध्याकाळी जाळं घडी करून कोपऱ्यात ठेवून गेला, आणि परत आला नाही. का नाही आला ते कुणाला माहीत. राख होती, त्यावरून काय ते समजावं. आमच्या गावचे कोळी मी रोज पाहायचो, पण त्यांच्या जाळ्याला आम्ही कधी हात लावला नाही. कोळीण दारात पाटी उतरवायची, आम्ही खवल्याचा मासा तेवढा घ्यायचो आणि बिनखवल्याचा, आमच्या धर्मात न चालणारा, तिला परत द्यायचो. जाळ्याच्या काठाला काय असतं ते मला या देशात येऊन, एकेचाळिसाव्या वर्षी, त्या बाईनं शिकवलं. पण रांग उघडी केली ती मी. एकही गोळी जागची हलू दिली नाही.

भिंतीजवळ एक फुटकं मडकं होतं. त्यात गळ. मासे पकडायचे गळ, लहानमोठे, तांब्या-पितळेचे असावेत, पण हिरवेगार, एकमेकांना चिकटलेले. आणि त्यांच्याबरोबर एक लांब सुई, दोन्ही टोकांना चिरलेली, खेकड्याच्या नांगीसारखी. बाई म्हणाली, ही जाळं विणायची सुई, दोरा हिच्यावर गुंडाळायचा. अशी अखंड सुई तिनं आजवर हातात घेतली नव्हती.

ते दिवस पेसाहच्या, म्हणजे आमच्या बिनखमिराच्या भाकरीच्या सणाच्या, आधीचे. आमच्यात पेसाहच्या आधी घरातलं एक भांडं घासल्यावाचून राहत नाही. ही तर मुंबईहून आणलेली पितळी भांडी अशी घासायची की दिवा लावायला नको. राख इथं मिळायची नाही, घासलेटची शेगडी. पण चिंच यायची. हिची बहीण मुंबईहून कुणी येणारं असलं की चिंचेचा गोळा पाठवायची, मऊ, काळी, मीठ लावलेली. आमटीत चिमूटभर घालायची आणि भांड्यांना मूठभर.

बुधवारी बाईनं मला टबाजवळ बोलावलं. लाकडी पेटीत कापूस, कापसावर गळ आणि ती सुई. म्हणाली, "बायकोला सांग, ही पेटी तिच्या ताब्यात. उद्या यरुशलेमहून धातूचा जाणकार येतोय. तोवर सावलीत ठेवायची. पाणी लावायचं नाही."

मी सांगितलं, "पेटी तुझ्या ताब्यात. उद्या यरुशलेमहून धातूचा जाणकार येतोय. तोवर सावलीत ठेवायची. पाणी लावायचं नाही."

हिनं पेटी मांडीवर घेतली, दुसऱ्याचं मूल घेतात तशी.

बाई गेली. मुकादम कॉफीचा कप घेऊन आला, पेटीत डोकावला, मग हिच्या हातांकडे बघून मागच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलला. सगळे हसले. हसणाऱ्यांत आमच्याकडचा एक अलिबागचाही होता. त्याला नीट कळलंही नसेल, पण हसला.

"काय म्हणाला?" ही मला विचारती झाली.

"म्हणाला, पेटीत बुरशी आणि पेटी धरणारीचे हातही तसलेच. म्हणाला, हिचे हात धुतले तरी रंग निघत नाही आणि धुवायला हिलाच बसवलीय. म्हणाला, उद्या यरुशलेमचा साहेब येईल, नाक धरून परत जाईल."

तिनं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही एखादं वाक्य गाळत जा हो."

"गाळायला तो काय चहा आहे?"

"चहा बरा. चहात निदान साखर असते."

संध्याकाळी बसमध्ये माझं डोकं तापलेलं होतं. मी तिला म्हटलं, उद्या चिंच घेऊन ये.

"कशाला?"

"त्या हिरव्या बुरशीसकट तू ती पेटी साहेबापुढे ठेवणार? तुझ्या आईनं हेच शिकवलं? आपल्या घरातून गंजलेली परात कधी शेजारी परत गेलीय?"

"बाईंनी घासायला सांगितलं नाही."

"पाणी लावू नको म्हणाल्या. घासू नको म्हणाल्या नाहीत. मीच सांगितलंय तुला, मला माहीत आहे काय म्हणाल्या ते."

"अहो, विचारून बघू या ना त्यांना."

"सगळ्या गोष्टी विचारून करणाऱ्याला लोक नोकर म्हणतात. न विचारता करणाऱ्याला मालक कायम करतो." हे मला माझ्या गोदीतल्या मुकादमानं शिकवलं होतं. तिथं ते खरंही होतं.

घरी आल्यावर बरणीतून चिंचेचा गोळा काढून तिनं कापडात बांधला. तिलाही ते हातांचं लागलं होतं.

गुरुवारी सकाळी बाई जीप घेऊन साहेबाला आणायला गेली. मुकादम लांब, दुसऱ्या खड्ड्यापाशी. ही पाटावर बसली, मांडीवर जुन्या धोतराचं फडकं. चिंच अशी मऊ होती की पाण्याची गरजच नव्हती. एक गळ घेतला, बोटांत धरून चिंच चोळली. हिरवं निघालं, खाली तांबूस, मग पिवळं. उन्हात धरला तर सोन्यासारखा चमकला. मी खड्ड्याच्या काठावर हात टेकून बघत होतो. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली.

दुसरा. तिसरा. मग ती थांबली.

"अहो, हा तुटला."

"कमजोर असेल."

"ह्याचा काटाच गेला. बोटात भुगा आला नुसता."

"जुना आहे. घास पुढचा."

"राहू द्या आता. उरलेले असेच राहू द्यात."

"अर्धी घासलेली भांडी कुणी पाहुण्यापुढे ठेवतं का? हसतील."

तिनं घासले. सगळे. काही विरघळल्यासारखे झाले, तार तेवढी राहिली. शेवटी सुई घेतली. सुईची एक नांगी कट्कन तुटली. आवाज माझ्यापर्यंत आला. तिनं ती तुटकी नांगी तिथंच ठेवली, जिथं असायला हवी तिथं, जवळजवळ लावून, आणि सगळं पांढऱ्या रुमालावर मांडलं. मोठे गळ एका बाजूला, लहान एका बाजूला, मध्ये सुई. साखरपुड्याचं ताट मांडतात तसं. मांडलं, आणि पाटावर ताठ बसून राहिली.

जीप आली. साहेब म्हातारा होता, वाळका, हातात चामडी बॅग. बाई हसत हसत त्याला घेऊन आली. रुमालाजवळ आली आणि तिचं हसू गेलं. साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक गळ उचलला, नाकाशी नेला.

"चिंच," असं काही तो म्हणाला नाही, त्याला चिंच कुठली माहीत. म्हणाला, "आंबट. आणि मीठ."

मी खड्ड्यातून वर आलो. म्हटलं, "घाण होती ती काढली. पाणी लावलं नाही."

तो माझ्याकडे बघून, शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाला, "घाण नव्हती. हिरवं होतं तोच गळ होता. आतलं तांबं इतक्या वर्षांत बाहेर येऊन हिरवं झालं होतं. तुम्ही घाण पुसली नाहीत. तुम्ही गळ पुसला."

बाईनं सुई उचलली. नांगी रुमालावरच राहिली. बाई आमच्याकडे बघत नव्हती, समुद्राकडे बघत होती. म्हणाली, "या लोकांना काही शिकवता येत नाही."

हळू बोलली. पण वारा पडलेला होता, सगळ्यांनी ऐकलं.

मुकादम धावत आला. काय झालंय ते त्याला क्षणात कळलं. त्यानं रुमालावरून एक चकचकीत गळ उचलून कानाच्या पाळीला धरला, नवरीसारखी मान वाकडी केली आणि नाचायला लागला. "सोनं! हिंदवाल्यांनी सोनं बनवलं! शिसं पण द्या त्यांना, चांदी करतील!" खड्ड्यातले सगळे वर आले आणि हसले. काम नसलेली माणसं होती ती, घरी रडणारी. त्यांना हसायला मिळालं, त्यांनी सोडलं नाही. अलिबागवाला सगळ्यांत मोठ्यानं. बाई मुकादमावर ओरडली तेव्हा त्यानं गळ परत ठेवला, पण नाच व्हायचा तो होऊन गेला होता.

या सगळ्यात ही पाटावरच बसलेली. तिनं माझ्याकडे वर बघितलं.

"बाई काय म्हणाल्या?"

हसणं थांबलं. तिनं काय विचारलं ते भाषा न कळता सगळ्यांना कळलं होतं. बाईनंही माझ्याकडे वळून बघितलं. बाईच्या डोळ्यांत मला 'नको, नको' दिसलं. अलिबागवाला पुटपुटला, "सांग काहीतरी दुसरं."

मी दुसरं का सांगू? वाक्य माझं नव्हतं.

म्हटलं, "म्हणाल्या, या लोकांना काही शिकवता येत नाही."

तिनं पदराला हात पुसले, एक-एक बोट करून. उठली. पाट तिथंच टाकून किल्ल्याच्या बाहेर पडली आणि वाळूतून गावाकडे चालायला लागली. बसची वेळ नव्हती. ऊन होतं. मुकादमानं मला सांगितलं, तमाशा संपला, खाली उतर. मी उतरलो. शिट्टी होईपर्यंत काम केलं.

घरी गेलो तर ती मोगरी घेऊन कपडे बडवत होती. बादली आपटून म्हणाली, "घासायला तुम्ही सांगितलंत, हे बोललात का तिथं?"

"मला कुणी विचारलं नाही."

"आणि ते वाक्य? तेही कुणी विचारलं नव्हतं?"

"तू विचारलंस."

"मी विचारलं! मी विष मागितलं असतं तर दिलं असतंत? बाई रागावल्यात एवढं म्हणाला असतात. तुमची जीभ झडली असती?"

"आज एक खोटं सांगितलं की उद्या माझं खरं तुला खरं वाटणार नाही."

"मला तुमचं खरं नकोच आहे. मला ती कोठी हवी होती."

मुलगी आतून हिब्रूत ओरडली, "अब्बा, पुरे!" मी म्हटलं, मराठीत बोल. ती बोलली नाही. त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणीच कुठल्याच भाषेत बोललं नाही. पितळी भांडी अर्धी घासलेली ओट्यावर पडून होती. चिंचेची बरणी हिनं केराच्या डब्यात टाकली. मी ती काढून परत फळीवर ठेवली. चिंचेचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी बसची वाट न बघता चालत कामावर गेलो. टबाजवळ बाई स्वतः उकिडवी बसून खापऱ्या धूत होती. डोळे सुजलेले. मला बघून उभी राहिली.

म्हणाली, "मी रागात बोलले. तसं बोलायला नको होतं. तो साहेब म्हणाला, काही गळ वाचलेत, शिशाची रांग तर शाबूत आहे. बायकोला सांग, ये. कोठीची जागा तिचीच आहे. आजच ये म्हणावं."

मी म्हटलं, "ती येणार नाही."

"तिला विचारलंस?"

"विचारायला कशाला हवं? आमच्या घरातली माणसं थुंकल्या जागी परत बसत नाहीत."

मुकादम हिच्या पाटावर बसून कॉफी पीत होता. त्याला म्हटलं, ऊठ. माझ्या तोंडाकडे बघून तो उठला. मी पाट डोक्यावर घेतला आणि निघालो. तो मागून ओरडला, "राजाचं सिंहासन चाललं!" मी वळून बघितलं नाही.

घरी ही तांदूळ निवडत बसली होती. मी पाट तिच्यापुढे जमिनीवर ठेवला.

पाटाकडे बघत म्हणाली, "बाई काही बोलल्या?"

"बोलल्या." आणि मी सांगितलं. रागात बोलले, तसं बोलायला नको होतं, कोठीची जागा तिचीच, आजच ये. मग मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. थुंकल्या जागेसकट.

तांदळातला एक खडा काढून तिनं बाजूला ठेवला.

"म्हणजे बाई म्हणाल्या ये, आणि तुम्ही म्हणालात येणार नाही."

"होय."

ती उठली. हात धुतले, केस बांधले, घडीचं लुगडं नेसली. दारात उभी राहून म्हणाली, "उचला तो पाट."

"कशाला?"

"उचला. डोक्यावर. जसा आणलात तसा."

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात बोलली नव्हती. मी पाट उचलला. ती म्हणाली, पुढे चाला. मी पुढे आणि ती मागे, असे आम्ही शिकूनच्या, म्हणजे आमच्या सरकारी वसाहतीच्या, चाळींमधून निघालो. शुक्रवार, सगळ्या बायका शनिवारच्या शब्बाथच्या स्वयंपाकाला लागलेल्या, खिडक्या उघड्या. आमच्याच गावाकडची एक म्हातारी गॅलरीतून ओरडली, "अरे, ही कसली रे वरात? नवरा पाटाखाली आणि नवरी मोकळी!" हिनं वर बघून उत्तर दिलं, "मावशी, उलटी वरात आहे. नवऱ्याला पोचवायला चाललेय!" म्हातारी एवढी हसली की तिला खोकला लागला. मी चालत राहिलो. वाळूत पाय रुतत होते आणि पाट जड होता. शिसवी लाकूड जडच असतं.

किल्ल्यात शिरलो तशी फावडी थांबली. मी पाट टबाजवळ, त्याच्या त्या जागी ठेवला. बाई पुढे आली. मुकादम कप घेऊन आला. अलिबागवाला खड्ड्यातून अर्धा वर.

ही पाटावर बसली नाही. पाटाजवळ उभी राहून बाईच्या तोंडाकडे बघत, पण मला म्हणाली, "सांगा यांना. शब्दाला शब्द. एक गाळायचा नाही, एक घालायचा नाही."

"सांगतो."

"घासायचं माझ्या मनात नव्हतं. आमच्या माणसाच्या मनात होतं. मी राहू द्या म्हटलं, हा घास म्हणाला. याची शाळा कमी आणि घमेंड जास्त. मला शिकवता येतं. याला येत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाईकडे वळलो आणि सांगितलं. पहिल्यापासून. मी राहू द्या म्हटलं, हा घास म्हणाला, इथपर्यंत नीट आलो. शाळा कमी, तेही सांगितलं. घमेंडीला हिब्रू शब्द मला आठवेना. मी म्हटलं, ते माणसाचं नाक वर असतं, छाती पुढे असते, ते. मुकादम कॉफीचा घोट गिळून म्हणाला, "गाआवा." मी म्हटलं, "हो, ते. ते जास्त." आणि शेवटचं वाक्यही सांगितलं, हिला शिकवता येतं, याला येत नाही.

ही पाटावर बसली आणि तिनं टबातला ब्रश उचलला.

मी फावडं घेतलं आणि खड्ड्यात उतरलो.